माळावर कुत्रं मोकळं सोडताना : कुंपण नसलेल्या मैदानासाठी क्रमवार तयारी

रविवारी सकाळी गाडी माळाच्या कडेला लागते, मागचं दार उघडतं आणि कुत्रं पट्ट्याविना बाहेर उडी मारतं. पुढची पंधरा मिनिटं मालक त्याचं नाव घेत पळत असतो. बेळगावच्या आसपास हे मी इतक्यांदा पाहिलंय, आणि एकदा स्वतः केलंय, की हा लेख लिहायलाच हवा होता. त्या सकाळी मालकाचं फारसं काही चुकलेलं नसतं. आधीचे तीन आठवडे जे करायचं होतं ते राहून गेलेलं असतं.

आपल्या भागात कुत्र्याला मोकळं पळवायचं म्हटलं की माळ, गायरान, तळ्याचा काठ किंवा गावाबाहेरचं मैदान. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला ऊस, मधे चरणारी जनावरं. तिथं कुत्र्याला अडवणारं काहीच नसतं, तुमची एक हाक सोडून. म्हणून क्रम असा : आधी कुत्रं, मग हाक, मग जागा, मग पिशवी आणि शेवटी दोरी सोडणं. हा क्रम उलटा करू नका.

## १. कुत्रं तयार आहे का?

रेबीजची लस झालेली आणि तिची तारीख उलटलेली नाही, हे कार्डावर बघा, आठवणीवर विसंबू नका. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांच्या लसींची मालिका पूर्ण होईपर्यंत पिल्लाला सार्वजनिक माळावर उतरवूच नका. पावसाळ्यात आपल्याकडे डबकी साचतात, उंदरांच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) संसर्ग होतो. तुमच्या कुत्र्याच्या लसीत लेप्टो धरलेला आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

कुत्री माजावर असेल तर तीन आठवडे माळ बंद. दोरीवरसुद्धा नाही. तिच्या मागं गावातली पाच-सहा कुत्री येतील आणि मग कुणालाच काही आवरता येणार नाही.

आता स्वभाव. ज्या कुत्र्यानं माणसाला किंवा दुसऱ्या कुत्र्याला एकदा जरी चावलंय, ते माळावर मोकळं सुटणार नाही. लांब दोरीवरही त्याची भरपूर हौस फिटते.

मुधोळ जातीच्या, म्हणजे ज्यांना आपण कारवानी म्हणतो त्या कुत्र्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या भागात ती आणि त्यांच्या मिश्रणाची कुत्री पुष्कळ आहेत. हे कुत्रं नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करतं. दूरवर काही हललं की ते सुटतं, आणि एकदा वेग धरला की त्याच्या कानात हाक शिरत नाही. माझं स्पष्ट मत आहे : नजरेच्या टप्प्यात रस्ता असेल तर कारवानीला दोरीवरच ठेवा, मग ते घरात कितीही शहाणं असो.

## २. हाक पक्की करा : तीन आठवडे

बहुतेकजण हीच पायरी गाळतात.

आपल्या सीमाभागातल्या घरांत एक खास अडचण असते. आजी म्हणते ‘ये रे’, मुलगा म्हणतो ‘कम’, दूधवाला आणि शेजारी म्हणतात ‘बा, इल्ले बा’. शिवाय ‘ये’ आणि ‘बा’ हे शब्द दिवसभर माणसांसाठी, पोरांसाठी, म्हशींसाठी चाललेलेच असतात. कुत्र्याला कळतं की या आवाजांचा आपल्याशी काही संबंध नाही. मग माळावर तुम्ही ‘ये, ये, ये’ ओरडता तेव्हा ते मानही वळवत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

म्हणून हाकेसाठी घरात इतर वेळी कधीच न उच्चारला जाणारा शब्द निवडा. आमच्याकडे शिट्टीच्या दोन आखूड फुंका आणि मागोमाग ‘हुप्पा’. शब्दाला अर्थ नाही, म्हणूनच तो घेतला. शिट्टी हवीच. माळावर वारा असतो, आणि घाबरलेल्या माणसाचा आवाज चिरका होतो. शिट्टी मात्र रोज सारखीच वाजते. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा, हे घरात बसून ठरवा.

पहिला आठवडा, घरात. कुत्रं दोन पावलांवर असताना शिट्टी, शब्द आणि लगेच खाऊ. दिवसातून पंधरा-वीस वेळा. खाऊ म्हणजे उकडलेली कलेजी, उकडलेलं अंडं किंवा पनीर, हरभऱ्याएवढे तुकडे. भाकरीचा तुकडा चालणार नाही, तो त्याला रोज मिळतो. मनुके-बेदाणे तर अजिबात नकोत, द्राक्षांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

दुसरा आठवडा, अंगणात किंवा गच्चीवर. आता अंतर वाढवा आणि एक गोष्ट जोडा : खाऊ देण्याआधी गळ्यातला पट्टा हातात धरायचा, मग खाऊ. ही सवय नसेल तर कुत्रं माळावर तुमच्यापर्यंत येतं, पण हाताच्या अंतरावर थांबून हुलकावणी देत बसतं. शिवाशिवीसारखा तो खेळ तासभर चालतो.

तिसरा आठवडा, मैदानाच्या कडेला, लांब दोरीवर. दुसरी कुत्री, क्रिकेट खेळणारी पोरं, रस्त्यावरची वाहनं दिसत असताना हाक द्या.

हाक बिघडवणाऱ्या तीन सवयी सांगतो. एक, हाक दोन-तीनदा देणं. एकदाच द्या, आलं नाही तर दोरीनं अलगद जवळ घ्या. दोन, आंघोळ, औषध किंवा रागावणं यासाठी त्याच शब्दानं बोलावणं. तीन, उशिरा आलं म्हणून मारणं. उशिरा का होईना ते आलं आणि तुम्ही मारलंत, की पुढच्या वेळी ते येणारच नाही.

तपासा : दोरीवर, तीस पावलांवर दुसरं कुत्रं दिसत असताना, दहा हाकांपैकी नऊ वेळा पहिल्याच हाकेला वळतंय? सलग दोन दिवस? तरच पुढची पायरी. आठ वेळा येत असेल तर अजून एक आठवडा द्या.

## ३. जागा आधी एकट्यानं बघा

कुत्र्याला न घेता जा. ज्या वेळी नेणार आहात त्याच वेळी, आणि शक्य असेल तर रविवारी एकदा व आडदिवशी एकदा.

सगळ्यात आधी विहिरी शोधा. आपल्या शिवारात कठडा नसलेल्या जुन्या विहिरी अजून आहेत. पावसाळ्यानंतर काठावर गवत माजतं आणि भोवताल सपाट रानासारखा दिसतो. वेगात पळणाऱ्या कुत्र्याला तो काठ दिसत नाही. माळाच्या ज्या बाजूला विहीर आहे ती बाजू तुमच्यासाठी संपली असं समजा.

मग कुंपणाच्या तारा बघा. रानडुकरांसाठी काही ठिकाणी उसाला किंवा भुईमुगाला तार ओढलेली असते, तिच्यात वीज सोडलेली असू शकते. खानापूरच्या जंगलाकडेला फासेही लावलेले असतात. जवळच्या शेतात काम करणाऱ्याला सरळ विचारा. तार कुठं आहे, उंदराचं औषध कुठं टाकलंय, हे तिथली माणसं सांगतात.

रस्ता किती लांब आहे ते पावलांनी मोजा. तीनशे पावलांच्या आत वाहता रस्ता असेल तर ती जागा दोरीवर फिरवायला ठीक, मोकळं सोडायला नाही. उसाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातात. त्यांना पटकन थांबता येत नाही. तोडणीवाल्यांच्या झोपड्या पडल्या असतील तर त्यांची कुत्रीही तिथं असतात आणि ती आपली जागा राखतात.

मेंढ्यांचा कळप कोणत्या वाटेनं आणि किती वाजता येतो, हेही धनगरालाच विचारा. माझी मैना, मुधोळच्या मिश्रणाची कुत्री, दिवाळीनंतरच्या एका सकाळी येळ्ळूरकडच्या माळावर गाडीतून उतरली ती थेट सशामागं सुटली. ससा कळपात शिरला आणि मागोमाग ती. शे-दीडशे मेंढ्या एका झटक्यात दोन वाटांना फुटल्या. एक गाभण मेंढी दगडावर पडून लंगडायला लागली. म्हातारा धनगर काठीवर टेकून एवढंच म्हणाला, ‘नायी हिडकोरी.’ कुत्रं धरा. मेंढीच्या उपचाराचे पैसे मी दिले. पण त्या माणसाची अख्खी सकाळ मेंढ्या गोळा करण्यात गेली, ती काही मला भरून देता आली नाही.

काही जागा मुळातच वगळा. राकसकोप जलाशयातून शहराला पिण्याचं पाणी येतं, तिथं कुत्र्याला पाण्यात उतरवू नका. कॅम्प भागात लष्कराच्या ताब्यातली मैदानं आहेत, तिथं परवानगीशिवाय जाऊ नये. भीमगड अभयारण्यात कुत्रं नेण्याचा विचारही नको. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपोचा हिरवा परिसर फिरायला छान आहे, पण सकाळी तिथं म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात. तिथं पट्टा काढू नका.

सावध : पहाटेच्या अंधारात आणि सूर्य बुडाल्यावर माळ टाळा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये खुद्द बेळगाव शहरात, गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या आला होता आणि आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. कुत्रं हे बिबट्याचं ठरलेलं भक्ष्य आहे. चांगलं उजाडल्यावर जा, उन्हं तापायच्या आत परत या.

## ४. पिशवी आणि दोरी

लांब दोरीसाठी महागडं काही लागत नाही. आठवडी बाजारात बैलांचा कासरा मिळतो तसा आठ ते दहा मीटरचा सुती दोर घ्या आणि एका टोकाला लोहाराकडून किंवा हार्डवेअरच्या दुकानातून मजबूत कडी लावून घ्या. दुसऱ्या टोकाला गाठ मारू नका, गाठ झुडपात अडकते. हा दोर गळ्याच्या पट्ट्याला कधीही जोडायचा नाही. धावतं कुत्रं दोर संपताच झटका खातं, आणि तो मानेवर बसला तर इजा होते. दोर छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला. बटण दाबून गुंडाळायचा पट्टा माळावर उपयोगाचा नाही, त्याची बारीक दोरी हात कापते.

बाकी : दोन लिटर पाणी आणि पसरट भांडं, खाऊ, शिट्टी, साधा आखूड पट्टा, विष्ठा उचलायला पिशव्या, अंगाचा साबण, स्वच्छ कापड, चिमटा, पशुवैद्यांचा नंबर. गळ्यात तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला. नंबर अंकात असल्यानं कन्नड-मराठीचा प्रश्न येत नाही.

## ५. गाडीतून उतरणं

गाडी रस्त्याकडेला नको, माळात जेवढी आत नेता येईल तेवढी न्या. आखूड पट्टा गाडीतच लावा. दार उघडा, पण कुत्र्यानं लगेच उतरायचं नाही. तुम्ही उतरा, चारही बाजू बघा : कळप, गुरं, माणसं, कुत्री, मोर. मग त्याला उतरवा आणि पाच मिनिटं पट्ट्यावरच चालवा, लघवी-शी होऊ द्या. गाडीतून उतरलेल्या कुत्र्याच्या अंगात जी उसळी असते ती या पाच मिनिटांत निम्मी होते.

जमिनीला हाताचा मागचा भाग लावा. जांभा खडक आणि मुरूम लवकर तापतो. पाच-सात सेकंद हात ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार, परत फिरा. अथणी, चिक्कोडीकडे मार्चपासूनच ही तपासणी रोज करा.

## ६. दोर लावून फेरी, मग सुटका

आता आखूड पट्टा काढून कासरा लावा. दोर हाताला गुंडाळू नका, बोटं मोडतात. जमिनीवर लोळू द्या आणि गरज पडली तर टोकावर पाय द्या. पूर्ण माळाला एक फेरी मारा. या फेरीत पाच वेळा हाक द्या.

तपासा : पाचही वेळा पहिल्याच हाकेला आलं? सोडू शकता. चार वेळा आलं? आज दोरावरच. कालपर्यंत कितीही चांगलं येत असलं तरी आजचा निकाल आजच्या फेरीवर.

पहिल्या चार-पाच भेटींत दोर हातातून सोडा, पण हार्नेसला लोंबता ठेवा. पळालं तरी दहा मीटर दोर मागं फरफटतो आणि त्यावर पाय देता येतो. (खूप कुत्री एकत्र खेळत असतील तर मात्र लोंबता दोर काढून घ्या, पायांत गुंता होतो.) त्यानंतर एखाद दिवस पूर्ण मोकळं, आधी दहा मिनिटं.

मोकळं असताना तुम्ही चालत राहा. एका जागी उभं राहून फोन बघणाऱ्या मालकाचं कुत्रं दूर जातं, कारण मालक कुठं आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तुम्ही दिशा बदलत राहिलात की ते तुमच्यावर नजर ठेवतं. कान ताठ, शेपटी स्थिर, मान एका दिशेला रोखलेली : हे दिसलं की त्याच क्षणी शिट्टी. एका सेकंदानं उशीर झाला तर ते सुटलेलं असतं.

शिवजयंतीची मिरवणूक, गणपती, दिवाळी आणि लग्नसराईच्या दिवसांत पट्टा काढूच नका. एका फटाक्यानं शहाणं कुत्रंही तीन-चार किलोमीटर पळतं.

## ७. समोरून कोणी आलं तर

‘काही करत नाही हो!’ आणि कानडीत ‘एन माडूदिल्री!’ हे वाक्य लांबून ओरडणं थांबवा. ज्याच्या अंगावर कुत्रं धावून येतंय त्याला या वाक्यानं धीर येत नाही. कोणीही दिसलं, माणूस असो वा जनावर, की आधी हाक, मग पट्टा, मग रस्त्याच्या कडेला उभं राहा. तुमच्या निष्काळजीपणामुळं कुत्र्यानं कोणाला इजा केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

भटक्या कुत्र्यांची टोळी आली तर पळू नका, दगड उचलू नका. आपलं कुत्रं पट्ट्यावर घ्या आणि तोंड त्यांच्याकडे ठेवून हळूहळू तिरके मागं सरका. माळ त्यांचा आहे, हद्द सोडली की बहुतेकदा ती थांबतात. लहान कुत्र्याला हातात उंच धरू नका, त्यामुळं ती तुमच्या अंगावर उडी घेतात.

दुसऱ्या कुणाचं पाळीव कुत्रं पट्ट्यावर असेल आणि तुमचं मोकळं, तर भेट घडवू नका. एक बांधलेलं, एक सुटं, अशाच जोडीत भांडणं होतात. दोन्ही मोकळी किंवा दोन्ही पट्ट्यावर. भांडण जुंपलंच तर मधे हात घालू नका, पाण्याची बाटली तोंडावर रिकामी करा.

## ८. परत बांधणं

मालक फक्त घरी जाताना हाक देतो, मग कुत्र्याच्या डोक्यात बसतं : हाक म्हणजे मजा संपली. यासाठी अर्ध्या तासात सात-आठ वेळा बोलवा, पट्टा धरा, खाऊ द्या आणि पुन्हा सोडा. शेवटच्या वेळी तेवढं बांधा. बांधल्यावर लगेच गाडीत नको, दहा मिनिटं बरोबर चाला, पाणी पाजा.

## ९. घरी आल्यावर

पावसाळा संपला की माळावर कुसळं. ती बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात आणि आत आत सरकत जातात. दोन बोटांनी प्रत्येक बेचकं उघडून बघा. डोकं सारखं झटकत असेल तर कानात कुसळ आहे असं समजून डॉक्टरांकडे न्या, घरी चिमटा घालू नका.

गोचीड कानाच्या पाळीत, काखेत आणि शेपटीखाली शोधा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा. रॉकेल टाकू नका, काडी लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत ताप, खाणं बंद किंवा हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर गोचीडतापाची रक्ततपासणी करून घ्या.

## १०. बिघडलं तर

चावा. माणसाला चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना. लसीचे सगळे डोस दिलेल्या तारखांना घ्यायचे. बरं वाटतंय म्हणून मधेच सोडू नका. तुमच्या कुत्र्याला भटकं चावलं असेल तर लस झालेली असली तरी जखम तशीच धुऊन डॉक्टरांना दाखवा.

साप. आपल्या खडकाळ माळांवर फुरसं, उसाच्या कडेला घोणस. जखम कापू नका, आवळून बांधू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या, आणि निघतानाच फोन करून प्रतिविष आहे का विचारा. सगळ्या दवाखान्यांत ते नसतं.

ऊन लागणं. धाप थांबत नाही, लाळ चिकट, पाय लटपटतात. सावली, पोटाला आणि पंजांना साधं पाणी, वारा, आणि दवाखाना. बर्फ नको.

हरवलं तर. मागं पळू नका. एकानं गाडीपाशीच थांबायचं, गाडी हलवायची नाही. दुसऱ्यानं रस्त्याच्या बाजूला जाऊन शिट्टी वाजवत राहायचं, म्हणजे कुत्रं रस्त्याकडे आलंच तर अडवता येईल. धनगर, तोडणीवाले, पाण्याचा पंप चालू करायला आलेला शेतकरी, सगळ्यांना नंबर द्या. अंधार पडेपर्यंत मिळालं नाही तर जिथं सुटलं तिथं तुमचा अंगातला शर्ट आणि त्याचं अंथरूण ठेवून या, पहाटे उजाडताच परत जा.

मैना त्या दिवशी दोन तासांनी गाडीपाशीच आली. जिभेला फेस, कानात कुसळं, पुढच्या पंजाला चीर. मी तिला काही बोललो नाही. पट्टा लावला, पाणी पाजलं आणि खिशातली शेवटची कलेजी तिला दिली.